खूणवहीवाले खारोडे

दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी मी अमरावतीच्या राजापेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात जाते आणि दोन पंचांगं मागते. एकाच छापखान्याची, एकाच गठ्ठ्यातली. दुकानदार आता नवा आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आजी, एकट्या तर राहता तुमी. दोन कशाले?" मी म्हटलं, "तुला विकायचीत की नाहीत?" माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे, तिखट. पण घरी आल्यावर दोन्ही पंचांगं समोर घेऊन बसले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत पानन् पान ताडून पाहिलं, आणि खारोड्यांची इतकी आठवण आली की चहा तसाच निवून गेला.

गोविंदराव खारोडे आमच्या कंपनीच्या अकोल्याच्या मुख्य कचेरीत कारकून होते. कंपनी कापसाची. सरकी काढायचं जिन आणि गाठी दाबायची प्रेस अकोल्याला, खरेदीची एक कचेरी अमरावतीला, आणि तेल्हाऱ्यासारख्या गावांमधून कंपनीचे अडते. महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मी अमरावतीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. सगळ्या कचेरीत बाईमाणूस मी एकटी. माझे वडील, अण्णा, भिक्षुकी करायचे. त्यांची नजर गेली आणि भिक्षुकी निम्म्यावर आली, धाकट्या भावाची शाळा व्हायची होती, म्हणून मी टाइपरायटरवर बसले. हौस म्हणून नाही.

त्या काळी कचेऱ्या-कचेऱ्यांमधलं बोलणं तारेनं चाले. आज भाव काय द्यायचा, गाड्या घ्यायच्या की परतवायच्या, सगळं तारेवर. माझ्या आधी कधीतरी कोणीतरी कंपनीच्या नावानं बनावट तार केली होती आणि कंपनी तोंडघशी पडली होती. तेव्हापासून मोठ्या शेठजींचा नियम झाला की प्रत्येक तारेच्या सुरुवातीला खुणेचा एक शब्द पाहिजे. मोठे शेठजी देवभोळे, त्यांचं उठणं-बसणं तिथीवर. त्यामुळे खूणही तिथीवर. महिन्याच्या तीस तिथ्या, तीस शब्द. पळस, हिवर, कवठ, निंब, असे साधेच. पंचांगात आजची तिथी पाहायची, खूणवहीत त्या तिथीसमोरचा शब्द पाहायचा आणि तो तारेवर घालायचा. दर हंगामाला शब्दांची अदलाबदल होई. अकोल्याला तार पोचली की खारोडे आपल्या वहीशी शब्द ताडून पाहत. जुळला तर कोपऱ्यात "खूण पटली" असं लिहून तार शेठजींकडे. नाही जुळला, तर तार कितीही घाईची असो, बाजूला. मग शाखेनं बोंबलत बसावं.

ते लिहीत कॉपिंग पेन्सिलीनं. ती जिभेला लावून ओली केली की जांभळी उठते. त्यामुळे खारोड्यांच्या खालच्या ओठावर बाराही महिने जांभळा डाग असायचा. उंच, वाळलेला माणूस. गाव तेल्हाऱ्याकडचं, घरची काळी जमीन भावांनी धरलेली आणि यांनी कचेरी. धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि कडक उन्हातसुद्धा मिटलेलीच छत्री. ती त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहायचे आणि चार पावलं गेले की परत येऊन तिसऱ्यांदा. दुपारी एक वाजला की ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. हसणं नाही. दुसऱ्यावर ओरडणंही नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या चुकीनं. नोकरीचा पहिलाच महिना. अकोल्याहून ट्रंक कॉल आला, "कालची तार वाचता येत नाही, पहिला शब्द काय आहे?" मी मोठ्या आवाजात, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून शब्द सांगितला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी अकराला खारोडे माझ्या टेबलापुढे उभे. अकोल्याहून बडनेरा, बडनेऱ्याहून अमरावती, हातात मिटलेली छत्री. मी उठून उभी राहिले.

"बसा, बाई. खूण तोंडानं नाई सांगत."

"पण त्यांनीच विचारली होती."

"कोनी इचारली?"

"अकोल्याहून..."

"तुमी त्याचं तोंड पाहिलं?"

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, स्वतःच्या तळहातावर एक शब्द लिहिला, हात माझ्यासमोर धरला, मी वाचल्याचं पाहिलं, आणि मग अंगठा ओला करून तो शब्द पुसून टाकला. "अशी," ते म्हणाले. "दाखवाची, पटवाची, पुसाची. येवढ्यासाठीच आलो होतो." चहासुद्धा न घेता ते दुपारच्या गाडीनं परत गेले. फोन त्यांचाच होता, हे मला मागाहून कळलं. मी संतापले होते. एवढ्यासाठी माणूस अकोल्याहून येतो? पत्रानं कळवता आलं नसतं? पण खरं सांगू, त्यानंतर मी तो शब्द स्वप्नातसुद्धा मोठ्यानं उच्चारला नसेल.

कोणाची खूण पटेनाशी झाली की शेठजी खारोड्यांना त्या गावी पाठवत. ते पोचले की लोक आपापली बाजू मांडायला सरसावायचे. मी नाही, तो. तो नाही, हा. खारोडे ते कानाआड करत. कोणी केलं हे ते विचारतच नसत. एकच प्रश्न: "पटत होती ते दिवस अन् पटनं बंद झालं ते दिवस, मधात काय बदललं?" आणि त्यांचं एक पालुपद होतं, "चूक कुठीबी हिंडली तरी जेवाले घरीच येते." म्हणून आधी आपला हात पाहायचा, मग दुसऱ्याचा.

तेल्हाऱ्याची गोष्ट तिथल्या अडत्यानंच, दादारावांनी, आम्हाला सांगितली. त्यांच्या तीन तारा लागोपाठ फिरल्या, खूण पटेना. कचेरीत कुजबूज झाली की दादाराव दुसऱ्या कंपनीला फितूर झाले. खारोडे एसटीनं तेल्हाऱ्याला गेले आणि ओसरीवर बसले.

"काय बदललं, दादाराव?"

"काई नाई बदललं जी."

"कोनी आलं? कोनी गेलं?"

"माहा चुलता गेला ना. पाच दिवस झाले."

"बरं. अन् वही कुठी हाय?"

दादाराव इकडे पाहू लागले, तिकडे पाहू लागले. वही कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्याखाली ठेवली होती. चुलता वारला, घरात सुतक आलं. बायकोनं सांगून टाकलं, दहा दिवस देवाजवळ कोणी फिरकायचं नाही. आणि कंपनीची वही पाहिजे म्हणून सांगावं, तर वही तिथं आहे हे तिला कळायला नको! शेवटी दादाराव आठवेल तो शब्द तारेवर घालत सुटले. तिन्ही वेळा चुकले.

दुसरा कोणी असता तर हसून लोळला असता. खारोडे हसले नाहीत. म्हणाले, "वहिनीचं बरोबर हाय." सुतक फिटेपर्यंतच्या तिथ्यांचे शब्द त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले, चिठ्ठी दादारावांच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतः ठेवली, आणि परत येऊन शेठजींना एका ओळीचा कागद दिला: "वही जागेवर नव्हती. आता आहे." शेठजींनी विचारलं, "कुठे होती?" तर म्हणाले, "देवाजवळ होती जी." दादारावांची अडत शाबूत राहिली.

आता माझ्या वेळचं सांगते.

मार्गशीर्षातली गोष्ट. हंगाम ऐन भरात, बाजारात गाड्यांची रांग. अमरावतीची, म्हणजे माझी, एक तार फिरली. खूण पटत नाही. मी वही पाहिली, पंचांग पाहिलं, शब्द बरोबर. पुढच्या चार तारा पटल्या, पाचवी फिरली. मग पाच-सहा दिवस सगळं सुरळीत, आणि पुन्हा एक तार बाजूला. रोज चुकली असती तर वेंधळेपणा म्हणून सुटले असते. पण कधी पटे, कधी न पटे. आणि न पटणाऱ्या तारेवर नेमका आदल्या दिवशीचा शब्द निघे. त्यावरून अकोल्यात अर्थ लावला गेला: अमरावतीत कोणाला तरी कालची खूण कळते आहे, आणि तो कंपनीच्या नावानं बनावट तारा करतो आहे. त्या फिरलेल्या तारांपायी एक मोठी खरेदी दुसऱ्या प्रेसनं उचलली.

खूणवही अमरावतीत एकाच टेबलाच्या खणात होती. माझ्या. किल्ली माझ्या गळ्यात.

आमचे मॅनेजर माझ्या देखत म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, बाईमाणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही." दोन दिवसांत ते वाक्य राजापेठेतल्या दुकानादुकानांत पोचलं. मी रस्त्यानं निघाले की गाद्यांवरची बोलणी थांबायची. मला रडू नाही आलं, संताप आला. आणि संतापाच्या खाली भीती होती, ती वेगळीच. नोकरी गेली तर गेली. पण चोर म्हणून गेली तर या गावात दुसरी कोण देणार? अण्णांना दिसत नव्हतं, ऐकू तर येत होतं.

शेठजींचे चिरंजीव, धाकटे शेठ, मोटारीनं अमरावतीला आले. मोठ्या शेठजींनी तोवर अंथरूण धरलं होतं. धाकट्यांनी मला उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, "देखो बाई, शनिवारपर्यंत खारोडे तपास करतील. काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर तुम्ही घरी बसायचं, आणि का बसलात ते मी बाजारात सांगणार. माझा इलाज नाही." तो सोमवार होता.

खारोडे येऊन राहिले. अकोल्याची वही त्यांनी एका मदतनिसाकडे दिली आणि आमच्या कचेरीत एका बाकावर बस्तान टाकलं. त्यांनी मला एकेक तार कशी लिहिली ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. खणाचं कुलूप खोलून पाहिलं. भिंग लावून माझं अक्षर पाहिलं. तार ऑफिसात जाऊन माझ्या हातच्या मूळ तारा काढवल्या, कागद नेणाऱ्या शिपायाबरोबर त्याच्या मागं मागं चालत गेले. "तिथी पाहूनच लिहिता ना, बाई?" "पाहूनच लिहिते." भिंतीवरच्या खिळ्याला पंचांग टांगलेलं होतं, त्याला खाकी कागदाचं कव्हर, कव्हरावर खारोड्यांच्याच जांभळ्या अक्षरात "कचेरीचे". त्यांनी तिकडे नजर टाकली आणि मान हलवली. "काय बदललं, बाई?" "काही बदललं नाही हो! किती वेळा सांगू?" मी ओरडले. ते पुन्हा खणाच्या कुलपाकडे वळले. मला वाटलं, यांनाही मी चोरच वाटते आहे. तेल्हाऱ्याच्या दादारावांवर जेवढा विश्वास ठेवला तेवढा माझ्यावर का नाही? तो राग माझ्या मनात कितीतरी दिवस राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, ते आमच्या घरी आले. अंबागेटाच्या आत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. ते पायरीशीच थांबले. अण्णांनी चाहूल ओळखली. "कोण आहे? आत या."

"मी खारोडे. बाईच्या हापिसातला. अठीच बरा हाय जी."

"भिंतीशी बोलायची सवय नाही मला. आत या."

ते आत येऊन सतरंजीच्या कडेला बसले. मी पाणी दिलं. फुलपात्र हातात घेऊन ते अण्णांना म्हणाले, "गुरुजी, आज सकायची तार बी नाई पटली. अकोल्याच्या मदतनिसाचा निरोप आला. उद्या शनिवार. मले काई सापडलं नाई. सांगाले आलो, का मी हरलो."

अण्णांचा चेहरा पडला. तरी त्यांनी विचारलं, "आज झालं काय नेमकं?"

"आज अष्टमी, गुरुजी. अन् बाईनं खूण देली सप्तमीची."

"अष्टमीच आहे आज," अण्णा म्हणाले. "पण दुसऱ्या मताचं पंचांग मानणारे आज सप्तमीच धरतात. कालच एक यजमान माझ्याशी भांडून गेला त्यावरून. त्यांचं गणित वेगळं, आपलं वेगळं. महिन्यातून दोन-चारदा एखादा दिवस पुढेमागे होतोच."

खारोड्यांच्या हातातलं फुलपात्र हातातच राहिलं. "बाई," ते म्हणाले, "हापिसाची किल्ली घ्या."

आम्ही राजापेठेतल्या कचेरीपर्यंत चालत गेलो. ते इतके भरभर चालत होते की मला पदर सावरत पळावं लागलं. त्यांनी खिळ्यावरचं पंचांग काढलं, खाकी कव्हर टर्रकन फाडलं. आतलं पंचांग दुसऱ्याच छापखान्याचं होतं, दुसऱ्या मताचं. त्यात त्या दिवशी सप्तमी होती. माझी तार बरोबर होती आणि अकोल्याचं ताडणंही बरोबर होतं.

आणि मी? भटाची पोर! घरात अण्णांचं पंचांग, कचेरीत हे. घरी मी चूल पाहायची, तिथ्या अण्णांच्या. एकदा जरी विचारलं असतं, "अण्णा, आज काय?", तर इतकं झालंच नसतं.

खारोडे बाकावर बसले. फाटलेला खाकी कागद त्यांनी मांडीवर घेतला, त्यावरच्या आपल्याच अक्षरावरून बोट फिरवलं.

"बाई, चोर सापडला."

"कोण?"

"मी."

दर पाडव्याला अकोल्याच्या दुकानातून दोन्ही कचेऱ्यांसाठी एकसारखी दोन पंचांगं तेच घेत, दोन्हींना कव्हर तेच घालत, आणि एक अमरावतीला पाठवत. त्या वर्षी दुकानात नेहमीचं एकच उरलं होतं. पंचांग ते पंचांग, म्हणून त्यांनी दुसरं कोणतं तरी उचललं. पाडव्यापासून हंगाम सुरू होईपर्यंत तारा क्वचितच होत. झाल्या त्या त्या दिवशीच्या तिथ्या जुळत गेल्या असतील, म्हणून कोणाला कळलं नाही. "दुनियेले मी सांगतो, पहिले आपला हात पाहा," ते म्हणाले, "अन् पाच दिवस झाले, मी तुमचे हात पाहून राहिलो." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. मला फक्त एवढंच कळत होतं की मी सुटले, आणि त्या आनंदात समोरच्या माणसाचं काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

शनिवारी धाकटे शेठ आले. खारोड्यांनी कचेरीचं आणि अण्णांचं अशी दोन्ही पंचांगं त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळ्या कचेरीसमोर सगळं सांगितलं. शेठ माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "खारोडे, पंचांगवाल्यांची चूक म्हणा. छापताना चुकलं म्हणा. पिताजींना मी समजावतो."

"नाई जी. दोनी पंचांगं आपापल्या जाग्यावर खरी हायत. चूक घेनाऱ्याची हाय. माही हाय."

"तुम्हाला कळतंय ना, मग मला काय करावं लागेल?"

"कळते जी." त्यांनी खिशातली पेन्सिल आणि भिंग काढून टेबलावर ठेवलं. "फक्त एक करा. या बाईचं नाव ज्या ज्या गादीवर गेलं, तथी सांगाले मानूस पाठवा."

शेठ म्हणाले, "आता ते कोण सांगत फिरणार?"

"मंग मी जातो."

आणि ते गेले. खिडकीतून मी पाहत होते. राजापेठेच्या एका कडेनं मिटलेली छत्री घेऊन ते निघाले आणि एकेका दुकानाच्या पायरीशी थांबू लागले. चपला काढायच्या, हात जोडायचे, दोन वाक्यं बोलायची, पुढच्या दुकानी. काय बोलत ते मला नंतर समोरच्या कापडवाल्यानं सांगितलं: "खूण माह्या हातून चुकली. बाईचा काई दोष नाई." कोणी बसा म्हटलं, कोणी हसलं, कोणी वर मानही केली नाही. रस्त्याची एक बाजू संपली, तेव्हा ते दुसऱ्या बाजूनं परत आले. दुपारचा एक कधीच वाजून गेला होता. त्या दिवशी त्यांनी भाकर खाल्ली नाही.

खूणवही बंद झाली. खारोड्यांना अकोल्याच्या प्रेसच्या आवारात धाडलं, दाबलेल्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगानं कंपनीचा मार्का मारायच्या कामावर. ते काम हमालांच्या मुकादमाचं. मी नोकरीत राहिले, पुढे हेडक्लार्कही झाले, भाऊ शिकला, अण्णा समाधानानं गेले. हे सगळं त्या शनिवारमुळे झालं. पण मी त्यांना एक पत्र लिहायलाही धजले नाही. मनातला तो राग जाता जात नव्हता, आणि राग गेला तेव्हा तोंड उरलं नव्हतं.

पाडवा आला तेव्हा मी दोन पंचांगं घेतली, एकसारखी. एक अकोल्याला त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही. आठ दिवसांनी कार्ड आलं, जांभळ्या अक्षरातलं: "पंचांग पोचले. आमच्याकडे चैत्री पौर्णिमा गुरुवारी. तुमच्याकडे?" मी उलट टपाली लिहिलं, "आमच्याकडेही गुरुवारीच." त्यांचं उत्तर: "खूण पटली." दरवर्षी हेच. वर्षाकाठी त्यांची दोन कार्डं, माझं एक. त्यात दुसरं काही कधी लिहिलं नाही, त्यांनीही नाही आणि मीही नाही.

मग एक वर्ष पंचांग गेलं आणि कार्ड आलं नाही. पुढच्या वर्षी मी टपालानं पाठवलंच नाही. पिशवीत टाकलं आणि अकोल्याची गाडी धरली.

मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांच्या मुलाचं घर होतं. दारात सून भेटली. मी नाव सांगितलं तर ती म्हणाली, "पंचांगवाल्या बाई का तुमी? या ना. पन मामंजी आता कोनाले ओयखत नाईत. माह्या सासूबाई गेल्या तेबी त्यायले समजलं नाई. लेकाले म्हनतात, तुमी कोन्या गावचे? रागावू नोका हं बाई."

खारोडे खाटेवर बसले होते. निम्मे झाले होते. कोट नव्हता, छत्री खुंटीला होती, ओठावर डाग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गोविंदराव, मी पाठक. अमरावतीची." नजर तशीच. "राजापेठेच्या कचेरीतली." काही नाही. "अण्णा पाठकांची मुलगी." त्यांनी सुनेकडे पाहून विचारलं, "कोन हायत ह्या?" मग थोडं दटावून, मला: "खूण नसन तर आत कसं घेतलं तुमाले?"

सून कानकोंडी झाली. "असंच बोलतात, बाई. सगळ्यायलेच."

मला एकदम समजलं. मी पिशवी उघडली. त्या शनिवारी त्यांनी टेबलावर ठेवलेली पेन्सिल इतकी वर्षं माझ्याकडे होती, बोटभर उरलेली. भिंग कोणीतरी नेलं, पेन्सिल मी उचलली होती. मी अकोल्याला गेले त्या दिवशी चैत्र शुद्ध पंचमी होती. माझ्यावर आळ आला त्या हंगामाची वही मला अजून तोंडपाठ आहे, तीसच्या तीस शब्द. ज्याच्यापायी मान जायची वेळ आली ते कोण विसरेल? शुद्ध पंचमीला पळस. मी पेन्सिल जिभेला लावली, तळहातावर तो शब्द लिहिला आणि हात त्यांच्यासमोर धरला. तोंडानं एक अक्षर काढलं नाही.

त्यांनी माझा हात धरून डोळ्यांजवळ नेला. किती वेळ पाहत होते कोण जाणे.

"पंचांग कोनतं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच. अकोल्याचं."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "पटली," ते म्हणाले. "बसा, पाठकबाई."

सुनेनं तोंडावर पदर घेतला. "अगं माय! नाव घेतलं!"

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "चोर सापडला का जी?"

इतकी वर्षं ते त्या बाकावर, तो फाटका खाकी कागद मांडीवर घेऊन, तिथंच बसून होते. मला जे तेव्हा बोलायला हवं होतं ते मी आता बोलले. "चोर कोणी नव्हताच, गोविंदराव. दोन पंचांगं होती. दोन्ही खरी होती."

"अन् बाई? त्यायचं नाव?"

"बाईच्या नावावरचा डाग तुम्ही पुसलात. दुकानोदुकानी जाऊन. मी खिडकीतून पाहिलंय."

त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि मान हलवली. मग अंगठा जिभेला लावून माझ्या तळहातावरचा शब्द पुसू लागले, नियमाप्रमाणे, एकही अक्षर उरू नये असं, सावकाश. शब्द गेला, जांभळा डाग तेवढा राहिला. तो मी अमरावतीला पोचेपर्यंत धुतला नाही.